व्हॅनिलाचा वास येणारं ग्राफिक्स कार्ड

विमान उतरायला जेमतेम मिनिटभर अवकाश होता आणि तेवढ्यात समुद्र जांभळा झाला.

आधी नुसता समुद्र. मग आकाशात हिरव्या रेघा उमटल्या, धावपट्टीचे चौकोनी तुकडे होऊन ते वाट फुटेल तिकडे उडू लागले आणि समोरच्या डोंगरावर कुणीतरी बुद्धिबळाचा पट अंथरावा तसं दिसायला लागलं.

"बाळ, हे काय होतंय?" ताईनं जॉयस्टिक दोन्ही हातांनी आवळून विचारलं.

"काही नाही ताई, तू नाक वर घे."

"कुणाचं?"

"विमानाचं!"

पण नाक वर जायच्या आत सगळं काळंकुट्ट झालं. टेबलाखालच्या खोक्यातला पंखा मिक्सरसारखा किंचाळला आणि गप्प झाला. ताईनं हळूच डोळे उघडले, काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मेलो आपण."

हे सगळं घडलं ते घराच्या मागच्या खोलीत, एका बाजूला इस्त्रीचं टेबल आणि दुसऱ्या बाजूला गाद्यांची चळत यांच्या मधोमध. पण कॅप्टनच्या दृष्टीनं ते कॉकपिट होतं. कॅप्टन हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. खऱ्या विमानात आयुष्यात दोन-तीनदाच बसलेले, तेही मधल्या सीटवर. पण कॉम्प्युटरवर त्यांनी जगातल्या बहुतेक विमानतळांवर विमान उतरवलं होतं. इमारतीतले लोक त्यांना कॅप्टन म्हणायचे ते चेष्टेनं, आणि कॅप्टन ते मनापासून घ्यायचे. त्यामुळे चेष्टा करणाऱ्यांचीच पंचाईत झाली होती.

त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. शिक्षणाधिकारी तपासणीला आले की तेच घाबरून पाणी मागायचे, अशी तिची ख्याती. ती जगात एकाच गोष्टीला घाबरत होती, ती म्हणजे विमान. आणि नेमकं तिच्या मुलाला समुद्रापलीकडच्या गावी जुळं झालं होतं. सून बेजार, मुलगा अर्धमेला, तिकीट काढून तयार, आणि ताई म्हणत होती, "बोटीनं जाता येतं का बघा." तेव्हा कॅप्टननी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "ताई, तू माझ्यावर सोड. रोज दुपारी येऊन माझ्याकडे विमान चालव. भीती कशी पळते बघ."

आता भीती कुठे पळाली नव्हती, ताईच पायात चप्पल सरकवत होती.

"ताई, हा विमानाचा दोष नाही. ग्राफिक्स कार्डाचा आहे. चित्र दाखवतं ना, ते कार्ड."

"खऱ्या विमानात ते नसतं?"

इथे कॅप्टननी 'नसतं' म्हणायला हवं होतं. पण ज्ञानी माणसाला आपलं ज्ञान आवरत नाही. "असतं ना! आता सगळे पडदेच असतात तिथे," ते म्हणून गेले.

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि निघून गेली. जाता जाता दारातून सांगितलं, "तुझं हे नीट झालं तर मी जाईन. नाहीतर तिकीट रद्द करून टाका."

झालं! म्हणजे कॅप्टनच्या कार्डावर आता दोन तान्ह्या बाळांचं भवितव्य अवलंबून होतं.

कॅप्टन कामाला लागले. आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग केबल काढून लावली, मग तीच केबल उलटी करून लावली. मग पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, ड्रायव्हर बदलून बघा." हा ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कामाला लावणारा एक प्रोग्रॅम. कॅप्टननी जुना काढला, नवा टाकला. नव्यानं समुद्र जांभळ्याऐवजी नारिंगी दाखवला. मग नवा काढून जुन्याहून जुना टाकला. संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा त्यांनी उत्साहानं सांगितलं, "ताई, ड्रायव्हरचा घोळ होता. दोन बदलले, तिसरा बघतोय."

पलीकडून ताई म्हणाली, "एका विमानाला तीन ड्रायव्हर लागतात आणि तिघंही बिनकामाचे. आणि तू मला त्यात बसायला सांगतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरचे दंतवैद्य जिन्यात भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकाच शब्दात निदान केलं. "धूळ." त्यांचं म्हणणं, शंभरातले नव्वद आजार हे नुसतं नीट साफ न केल्याने होतात. "दवाखान्यात घेऊन या. माझ्याकडे हवेचा फवारा आहे. एका झटक्यात साफ."

कॅप्टन टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड छातीशी धरून दवाखान्यात गेले. बाहेर बसलेल्या पेशंटांनी लहान मूल समजून त्यांना पुढे जाऊ दिलं. आत खुर्चीत एक गृहस्थ आडवे पडले होते, तोंड उघडं, अर्धा जबडा इंजेक्शननं बधिर. "दहा मिनिटं थांबायचंच आहे यांना," म्हणत दंतवैद्यांनी कार्ड ट्रेमध्ये ठेवलं, डोक्यावरचा दिवा त्याच्यावर वळवला, आरसा घालून पंख्याच्या आत पाहिलं आणि "अरेरेरे" म्हणाले. हा 'अरेरेरे' ऐकून खुर्चीतल्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

मग फवारा सुटला. त्या कार्डात इतकी वर्षं काय काय साठलं होतं देव जाणे. धुळीचा एक राखाडी ढग वर उठला, दिव्याच्या उजेडात क्षणभर तरंगला आणि अलगद त्या उघड्या तोंडावर उतरला. गृहस्थ खोकले. चूळ भरल्यावर ते चिडतील असं कॅप्टनना वाटलं होतं. पण कॉम्प्युटर बिघडला म्हटलं की सल्ला दिल्याशिवाय कुणाला राहवत नाही, जबडा बधिर असला तरीसुद्धा.

"आयव्हल... आयव्हल बवला का?"

"ड्रायव्हर बदलला का, असं विचारतायत," दंतवैद्यांनी भाषांतर केलं.

"तीन बदलले," कॅप्टन म्हणाले.

गृहस्थांनी हताशपणे मान हलवली आणि पुन्हा तोंड उघडून पडून राहिले.

घरी आल्यावर कार्ड बसवलं. समुद्र निळा! कॅप्टननी आनंदानं विमान वर नेलं, वळवलं, उतरवायला आणलं, आणि पुन्हा तोच जांभळा रंग, त्याच हिरव्या रेघा, तोच काळोख. फरक इतकाच की आता पंखा स्वच्छ आवाजात किंचाळत होता.

"तुम्ही सरळ नवीन का घेत नाही?" बायको म्हणाली. ती घरून केक करून द्यायची, आणि त्या वेळी एका मोठ्या केकवर साखरेची फुलं लावत होती. "मिक्सर बिघडला की मी काय दोन दिवस त्याच्या पोटात बोटं घालून बसते?"

"मिक्सर आणि हे एक नव्हे," कॅप्टन दुखावल्या स्वरात म्हणाले. तरी मनाची तयारी करून ते दुकानात जाऊन आले. दुकानदारानं नवं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. ते जवळजवळ कॅप्टनच्या हाताएवढं लांब होतं.

"हे माझ्या खोक्यात मावेल?"

"नाही. खोकं मोठं घ्यावं लागेल."

"बरं. बाकी?"

"याला वीज जास्त लागते. पॉवर सप्लाय बदलावा लागेल. मग जुना मदरबोर्ड याच्यापुढे दम टाकतो, तो बदललात तर प्रोसेसर आणि मेमरी पण आलीच."

"मग माझ्या कॉम्प्युटरमधलं राहील काय?"

दुकानदारानं प्रामाणिकपणे विचार केला. "माऊस चालेल," तो म्हणाला.

कॅप्टन हात हलवत परत आले आणि नेमके समोरच्या दारात प्राध्यापकांच्या तावडीत सापडले. प्राध्यापक रसायनशास्त्राचे, निवृत्त. निवृत्तीनंतर त्यांच्यासमोर वर्ग उरला नव्हता, त्यामुळे दोन माणसं जिन्यात थांबली की ते तास सुरू करायचे. त्यांनी जुनं कार्ड घरातून आणायला लावलं आणि हातात घेऊन उजेडात धरलं.

"बघा, या चिपच्या पोटाखाली धातूचे बारीक बारीक सांधे असतात. तापून, थंड होऊन त्यांना तडे जातात. उपाय काय? पुन्हा तापवायचे. धातू मऊ झाला की सांधे आपोआप जुळतात."

"तापवायचे म्हणजे?"

"पंखा आणि प्लास्टिक काढायचं, आणि सर्किटची नुसती पाटी ओव्हनमध्ये ठेवायची," प्राध्यापक म्हणाले. "शुद्ध विज्ञान आहे."

बायको केक पोचवायला बाहेर गेली होती. ओव्हन रिकामा होता. शुद्ध विज्ञानाला इतकी अनुकूल वेळ पुन्हा मिळाली नसती. कॅप्टननी स्क्रू काढले. एका स्क्रूवर कंपनीच्या सीलचा इवलासा गोल कागद चिकटवलेला होता, तो त्यांनी नखानं खरवडला. पंखा वेगळा झाला, पाटी मोकळी झाली. ती केकच्या भांड्यात चार कागदी बोळ्यांवर ठेवून दोघं जण ओव्हनच्या काचेसमोर स्टुलं घेऊन बसले. प्राध्यापक मधूनमधून "आता, आता" म्हणत होते. एवढ्यात दारात चावी फिरली.

बायकोनं दोघांना पाहिलं, ओव्हनचा दिवा पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्यानं आज पहिल्यांदाच काहीतरी भाजायला ठेवलं होतं.

"अगंबाई! केक केलात?"

"केक नाही," कॅप्टन म्हणाले.

ती काचेशी वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. मग सरळ होऊन तिनं अत्यंत हळू आवाजात विचारलं, "याची वॉरंटी होती ना अजून?"

वॉरंटी होती. पुढच्या वर्षापर्यंत होती. बिल बायकोनंच जपून ठेवलं होतं आणि कॅप्टननी तिला ते मागितलं असतं तर तिनं दिलंही असतं. प्राध्यापकांना त्याच क्षणी घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं.

मौज अशी की पंखा परत बसवल्यावर भाजलेलं कार्ड चाललं! संध्याकाळभर चाललं. कॅप्टननी प्राध्यापकांना बोलावलं, दंतवैद्यांना बोलावलं, ताईला तर घरी जाऊन घेऊन आले. सगळे गाद्यांवर बसले. विमान ढगांतून वर गेलं, खाली वीज चमकली, पावसाचे थेंब काचेवरून ओघळले. एकेक थेंब वेगळा दिसत होता. "वा!" दंतवैद्य म्हणाले. ताई मात्र भावजयीचा हात धरून बसली.

आणि मग खोक्यातून सुगंध यायला लागला.

"काहीतरी गोड जळतंय," प्राध्यापकांनी नाक वर केलं. पडद्यावरचे थेंब चौकोनी झाले. चौकोन जांभळे झाले. काळोख झाला, आणि त्या काळोखात सबंध कॉकपिटभर व्हॅनिलाचा घमघमाट दरवळला.

"तिकीट रद्द," ताई म्हणाली.

वॉरंटी गेली असली तरी आशा जात नाही. दुसऱ्या दिवशी कॅप्टन इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेतलं. टोकनचा नंबर पुकारल्यावर कळलं की ते टोकन मोबाइलचं आहे, कार्डाचं वेगळं. वेगळं घेतलं. शेवटी काचेपलीकडच्या बाईंसमोर ते उभे राहिले. विमा कंपनीत त्यांनी उभं आयुष्य काचेच्या आतल्या बाजूला काढलं होतं. लोकांच्या दाव्यांतल्या खोट्या गोष्टी त्यांना अक्षरावरून ओळखू यायच्या. बाहेरच्या बाजूला उभं राहिलं की माणूस का चाचरतो, ते त्यांना आज समजलं.

"काय प्रॉब्लेम आहे सर?"

"आपोआप बंद पडतं."

बाईंनी कार्ड उलटंसुलटं केलं. थांबल्या. नाकाजवळ नेलं. शेजारच्या सहकाऱ्याकडे सरकवलं. त्यानंही वास घेतला. दोघांची नजरानजर झाली.

"व्हॅनिला," सहकारी म्हणाला.

"सर, तुम्ही हे भाजलंत का?"

"भाजलं नाही," कॅप्टन म्हणाले. "जरा गरम केलं."

"कशात?"

"घरात."

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "सर, माझ्याकडे 'पाण्यात पडले', 'हातातून पडले' आणि 'इतर' एवढंच आहे."

"मग 'इतर' लिहा."

"'इतर'मध्ये कारण द्यावं लागतं," बाई म्हणाल्या, आणि टाइप करताना मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. "ग्राहकाने... कार्ड... केकच्या भांड्यात... भाजले. बरोबर आहे सर?"

मागच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "बिचाऱ्याच्या घरी कुणी नसेल सांगणारं." कॅप्टननी कार्ड टॉवेलात गुंडाळलं आणि ताठ मानेनं बाहेर पडले. ताठ मान जेमतेम कोपऱ्यापर्यंत टिकली.

घरी ताई येऊन बसली होती. मुलाचा फोन येऊन गेला होता म्हणे. दोन्ही बाळं रात्रंदिवस पाळीपाळीनं रडतात, सुनेला ताप आहे. ताईचे डोळे लाल दिसत होते, आणि ताईचे डोळे लाल झालेले कॅप्टननी वडील गेले तेव्हाच काय ते पाहिले होते.

"मला जायचंय रे," ती म्हणाली. "पण त्या खुर्चीत पट्टा बांधून बसायचं नुसतं मनात आलं तरी हातपाय गार पडतात. लाज वाटते मला. पाचशे पोरांना मी शिस्त लावली, आणि..."

काहीतरी करायचं म्हणून कॅप्टन म्हणाले, "तिकीट अजून रद्द केलेलं नाही. निदान खिडकीची की आतली, सीट तरी निवडून ठेवू." त्यासाठी कॉम्प्युटर लागणार होता. त्यांनी ते कार्ड बाजूला ठेवलं आणि पडद्याची केबल खोक्याच्या मागे खुद्द मदरबोर्डाला असलेल्या भोकात खुपसली. कार्डाशिवायही कॉम्प्युटर साधंसुधं चित्र दाखवतो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण त्यावर विमान उडवायचं म्हणजे त्यांच्या लेखी तंबोरा गहाण टाकून डबा वाजवत गाणं म्हणण्यासारखं होतं.

चित्र आलं. सीट निवडून झाली.

"मग याच्यावर विमान उडत नाही का?" ताईनं विचारलं.

"उडतं. पण बघवत नाही."

"दाखव."

सगळ्या सोयी बंद करून कॅप्टननी विमान सुरू केलं. लाजेनं त्यांची मान वर होत नव्हती. झाडं काडेपेट्यांसारखी, डोंगर कणकेच्या गोळ्यांसारखे, समुद्र म्हणजे एक निळी चादर. चित्र सरकायचं तेही अडखळत, उड्या मारत. ताईनं चष्मा पुसून घातला, काढला, पुन्हा घातला.

"ढग कुठे गेले?"

"याला ढग परवडत नाहीत."

"पाऊस?"

"नाही."

"ती कडाडणारी वीज? आणि विमान गदगदा हलायचं ते?"

"ते वादळी हवामान होतं ताई. याला झेपणार नाही म्हणून बंद केलंय."

ताईनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "बंद करता येतं? म्हणजे रोज ते तू चालू करत होतास?"

वादळात कॅप्टनच्या कार्डावरचं चित्र फार सुंदर दिसायचं. काचेवरचे थेंब, ढगांच्या कडांवर चमकणारी वीज... ते कुणाला तरी दाखवावं, त्यानं 'वा' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ताईला उडायला शिकवायच्या नादात रोज दुपारी तिला मुसळधार पावसातून आणि विजांच्या कडकडाटातून फिरवून आणत होतो, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बाळ," ताई तिच्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "ऊठ त्या खुर्चीतून."

कॅप्टन उठले. ताई बसली. निळ्या चादरीवरून काडेपेट्यांकडे तिनं विमान आणलं, वेग कमी केला, चाकं खाली सोडली आणि नाक वर घेतलं, विमानाचं. एक उडी, दुसरी उडी, आणि विमान धावपट्टीवर थांबलं. कुठे काही जांभळं झालं नाही.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," कॅप्टन म्हणाले.

"पुन्हा एकदा."

अंधार पडेपर्यंत ती विमान चढवत आणि उतरवत राहिली. बायकोनं इस्त्रीच्या टेबलावर चहा आणून ठेवला. दंतवैद्य डोकावले, म्हणाले, "हे काय, चित्र इतकं भिकार कसं?" तेव्हा ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दारातूनच परत गेले.

ठरल्या दिवशी ताई निघाली. विमानतळावर पोचवायला कॅप्टन आणि बायको दोघंही गेले होते. ती आत जाताना शेवटचा धीर द्यायला म्हणून कॅप्टननी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, पण ती पिशवी खांद्याला अडकवून शाळा तपासायला निघाल्यासारखी सरळ आत गेली. बायकोनं कॅप्टनच्या हातात रुमाल दिला. त्यांनी तो नाक शिंकरायच्या निमित्तानं वापरला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मागून दोन बाळांचा जोरदार आवाज येत होता.

"पोचले रे!"

"कसं झालं? हललं का? ढग दिसले? पंख बघितलेस का उतरताना कसे उघडतात?"

"मला काही माहीत नाही. मी झोपले होते."

"झोपली होतीस?" कॅप्टन खुर्चीतून उठले. "सगळा वेळ?"

"पट्टा बांधला आणि डोळा लागला. शेजारच्या मुलीनं हलवलं तेव्हा सगळे उतरत होते. अरे, भीती उरलीच नव्हती. सगळी तुझ्या त्या मागच्या खोलीत बसून आधीच संपवली मी. बरं, ठेवते, धाकट्याला घ्यायचंय. आणि ऐक," तिचा आवाज जरा खाली आला, "बरं केलंस हो बाळ."

कॅप्टननी फोन ठेवला. मग ते मागच्या खोलीत गेले आणि उगाच गाद्यांच्या घड्या नीट करत बसले. तिथून ते स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावरच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. बायकोनं त्या परत जागच्या जागी ठेवल्या. मग ते तिच्या केकमधल्या साखरेच्या प्रमाणाबद्दल बोलू लागले. ओव्हनच्या तापमानाविषयी तर त्यांना आता अनुभवाचे चार शब्द सांगायचे होते.

बायकोनं हातातला चमचा खाली ठेवला.

"उद्या सकाळी उठून ते कार्ड घेऊन या," ती म्हणाली. "सगळ्यात मोठं घ्या. खोकं बदला, बोर्ड बदला, हवं तर भिंत पाडा. पण तुम्ही असे दिवसभर रिकामे घरात फिरायला लागलात, तर वन्संकडे जायचं तिकीट मला काढावं लागेल."